अँड्र्यू विल्सन विरुद्ध शिकागो शहर : एका कैद्याच्या दिवाणी दाव्याचा अभ्यास

पोलिसांनी कोठडीत छळ केला असा दावा घेऊन दिवाणी न्यायालयात येणारा वादी न्यायाधीशांच्या आणि ज्यूरीच्या सहानुभूतीला पात्र असेलच असे नाही. अँड्र्यू विल्सन याच्या बाबतीत तर ती शक्यता जवळजवळ नव्हतीच. ९ फेब्रुवारी १९८२ रोजी शिकागोच्या दक्षिण भागात एक मोटार तपासणीसाठी थांबवली असता दोन पोलीस अधिकारी गोळ्या लागून ठार झाले, आणि या दुहेरी खुनासाठी दोन वेगवेगळ्या ज्यूरींनी विल्सनला दोषी ठरवले. त्याने पुढे शहराच्या पोलिसांविरुद्ध जो दावा लावला, त्यात तो निर्दोष आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. १४ फेब्रुवारी १९८२ या एका दिवशी पोलिसांच्या इमारतीत त्याच्या शरीराचे काय करण्यात आले, एवढाच त्यातला मुद्दा होता. हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे कायद्याच्या पुस्तकात सोपे असते; प्रत्यक्ष न्यायालयात ते किती अवघड ठरते, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

कोठडीतला दिवस

खुनानंतर पाच दिवस शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये प्रचंड शोधमोहीम चालली. घरांचे दरवाजे फोडले गेले, तरुणांना रस्त्यावरून उचलून नेण्यात आले आणि त्या काळातील पोलिसी वर्तनाबद्दल तक्रारींचा ओघ सुरू झाला. १४ फेब्रुवारीच्या सकाळी विल्सन सापडला आणि त्याला कॉटेज ग्रोव्ह अव्हेन्यूवरील 'एरिया टू' या गुप्तहेर मुख्यालयात आणण्यात आले. तेथील हिंसक गुन्ह्यांच्या तपास पथकाचे प्रमुख लेफ्टनंट जॉन बर्ज हे होते. व्हिएतनाममध्ये त्यांनी लष्करी पोलीस म्हणून काम केले होते.

विल्सनने पुढे शपथेवर सांगितलेली हकीकत अशी : त्याला मारहाण करण्यात आली, श्वास कोंडेपर्यंत डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवण्यात आली, हाताने दांडा फिरवून वीज निर्माण करणाऱ्या एका काळ्या पेटीच्या तारा चिमट्यांनी त्याच्या कानांना आणि नाकपुड्यांना लावून विजेचे झटके देण्यात आले, आणि झटक्यांच्या वेळी त्याला तापलेल्या रेडिएटरला बांधलेले असल्याने त्याची छाती, गाल आणि मांडी भाजली. संध्याकाळी त्याने सरकारी वकिलासमोर, लघुलेखकाच्या उपस्थितीत, खुनांची कबुली दिली.

यानंतर घडलेल्या दोन साध्या घटनांनी पुढच्या जवळजवळ चाळीस वर्षांचा इतिहास ठरवला, असे मला वाटते. पहिली घटना अशी की, विल्सनला रात्री मध्यवर्ती लॉकअपमध्ये नेले असता तेथील कर्मचाऱ्याने त्याच्या अंगावरील जखमा पाहून त्याला ताब्यात घेण्यास नकार दिला. या जखमा आपल्या ताब्यात असताना झाल्या असे उद्या कोणी म्हणू नये, हा त्यामागचा रोकडा हिशेब असावा. पण या नकारामुळे पोलिसांना त्याला मर्सी रुग्णालयात न्यावे लागले आणि तेथे त्याच्या जखमांची वैद्यकीय नोंद झाली. दुसरी घटना कुक काउंटीच्या कारागृहात घडली. कारागृहाच्या आरोग्यसेवेचे वैद्यकीय संचालक डॉ. जॉन राबा यांनी विल्सनला स्वतः तपासले आणि १७ फेब्रुवारी १९८२ रोजी शिकागोचे पोलीस प्रमुख रिचर्ड ब्रेझेक यांना पत्र लिहिले. चेहऱ्यावरील व डोक्यावरील जखमा, जबर मार लागलेला उजवा डोळा, तसेच मांडी, गाल आणि छाती यांवरील रेडिएटरच्या चटक्यांशी जुळणारे रेषाकृती फोड यांची नोंद त्यांनी त्यात केली. विजेचे झटके दिल्याचे विल्सनचे म्हणणे नमूद केले, या जखमा कारागृहात येण्यापूर्वीच्या आहेत असे स्पष्ट लिहिले आणि सखोल चौकशीची मागणी केली.

मराठी वाचकाला येथे एक तुलना उपयोगी पडेल. भारतात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मधील ही बंदी २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे. अमेरिकेत तशी सरसकट बंदी नाही. तेथे कबुलीजबाब स्वेच्छेने दिला होता की नाही हे न्यायालय ठरवते, आणि म्हणून कोठडीतील त्या काही तासांचा पुरावा कोणाच्या हाती आहे याला फार महत्त्व येते. शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८३ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, अटक केलेल्या व्यक्तीला हजर केल्यावर दंडाधिकाऱ्याने तिला कोठडीत छळ झाला का असे विचारावे आणि वैद्यकीय तपासणीचा तिचा हक्क तिला सांगावा, असे बजावले होते. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील महिलांच्या स्थितीवरून निघालेल्या त्या निर्देशामागचे कारण विल्सनच्या प्रकरणात अगदी उघडे दिसते. जखमा भरून येतात, वळ नाहीसे होतात, आणि त्या दोन-चार दिवसांत कोणी डॉक्टरने कागदावर काही लिहिले नसेल तर पुढे कैद्याचा शब्द आणि पोलिसांचा शब्द एवढेच उरते.

पत्राला मिळालेले उत्तर

डॉ. राबा यांचे पत्र ब्रेझेक यांनी दडपले नाही. आठवडाभरात त्यांनी ते कुक काउंटीचे मुख्य सरकारी वकील रिचर्ड एम. डेली यांच्याकडे पाठवले आणि पुढे काय करावे याबद्दल मार्गदर्शन मागितले. डेली यांच्या कार्यालयाने विल्सनवरील खुनाचा खटला नेटाने चालवला. अधिकाऱ्यांवर मात्र कोणताही खटला भरला नाही. पोलीस खात्याच्या अंतर्गत चौकशीतूनही त्या वेळी काही निष्पन्न झाले नाही. ज्या कार्यालयाला कबुलीजबाबाच्या बळावर फाशीची शिक्षा मिळवायची होती, त्याच कार्यालयाने तो कबुलीजबाब कसा मिळाला याचा तपास करावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती. हा दोष एका व्यक्तीचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो रचनेतच होता.

१९८३ मध्ये विल्सनला मृत्युदंड ठोठावण्यात आला. त्यानंतर एप्रिल १९८७ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली. आरोपीला जखमा पोलिसांच्या ताब्यात असताना झाल्याचे दिसत असेल, तर त्या कबुलीजबाबासाठी केलेल्या जबरदस्तीच्या नाहीत हे स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी सरकारपक्षावर येते, आणि येथे सरकारपक्ष ते दाखवू शकला नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९८८ मध्ये कबुलीजबाबाविना पुन्हा खटला चालला. विल्सन पुन्हा दोषी ठरला. मृत्युदंडावर ज्यूरीचे एकमत न झाल्याने त्याला जन्मठेप झाली.

याचा अर्थ गंभीर आहे. त्या दिवशीचा कबुलीजबाब नसतानाही दोष सिद्ध होऊ शकत होता. छळाचे समर्थन करणारे नेहमी गरजेची भाषा बोलतात. येथे तीही लागू पडत नव्हती.

दाव्याची कायदेशीर चौकट

१९८६ मध्ये, फौजदारी अपील अद्याप प्रलंबित असताना, विल्सनने तुरुंगातून वकिलाशिवाय संघीय जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा आधार अमेरिकेच्या संघीय कायदेसंहितेच्या ४२ व्या शीर्षकातील कलम १९८३ हा होता (१९८३ हा येथे कलमाचा क्रमांक आहे, वर्ष नव्हे). यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लान या संघटनेने मांडलेल्या दहशतीला तोंड देण्यासाठी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १८७१ मध्ये हा कायदा केला. राज्याच्या अधिकाराच्या आवरणाखाली कोणी नागरिकाचे घटनात्मक हक्क हिरावून घेतले, तर त्याला संघीय न्यायालयात नुकसानभरपाईसाठी ओढता येते, हे त्याचे सार आहे. जवळजवळ नव्वद वर्षे हा कायदा फारसा वापरातच नव्हता. १९६१ मध्ये मन्रो विरुद्ध पेप या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला जीवदान दिले, आणि ते प्रकरणही शिकागोचेच होते : तेरा पोलीस एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात पहाटे घुसले होते. मात्र त्या निकालाने नगरपालिकेवर दावा लावण्याची वाट बंद ठेवली. ती १९७८ मध्ये मोनेल या निकालाने उघडली, पण एका अटीवर. अधिकाऱ्याने गैरकृत्य केले एवढ्याने शहर जबाबदार ठरत नाही. ते कृत्य शहराच्या धोरणातून किंवा रुळलेल्या प्रथेतून घडले हे सिद्ध करावे लागते.

म्हणून विल्सनच्या दाव्याला दोन अंगे होती. एक बर्ज आणि त्यांच्या सहकारी गुप्तहेरांविरुद्ध : त्यांनी छळ केला. दुसरे शहराविरुद्ध : पोलिसांच्या मारेकऱ्यांना कोठडीत 'धडा शिकवणे' ही शहराची अलिखित रीत होती. दुसऱ्या अंगासाठी इतर बळींचा पुरावा आवश्यक होता, आणि तो पुरावा १९८६ मध्ये कोणाच्याच हाती नव्हता.

१९९४ मध्ये हेक विरुद्ध हम्फ्री या निकालाने असा नियम घातला की, दाव्यातील यशामुळे कैद्याची दोषसिद्धीच खोटी ठरणार असेल, तर ती दोषसिद्धी रद्द होईपर्यंत भरपाई मागता येत नाही. विल्सनचा दावा त्याआधीचा असल्याने त्याला या अडथळ्याचा सामना करावा लागला नाही. शिवाय त्याचे म्हणणे 'मला मारले' असे होते, 'मी गुन्हा केला नाही' असे नव्हते, आणि हा भेद आजही महत्त्वाचा आहे.

दोन सुनावण्या

विल्सनचे वकीलपत्र पुढे शिकागोतील पीपल्स लॉ ऑफिस या नागरी हक्कांच्या खटल्यांत मुरलेल्या वकिलांच्या गटाने घेतले. पहिली सुनावणी १९८९ च्या फेब्रुवारीत न्यायाधीश ब्रायन डफ यांच्यासमोर सुरू झाली. ज्या सरकारी वकिलाने विल्सनविरुद्धचा मूळ खुनाचा खटला चालवला होता, तोच आता खासगी वकील म्हणून, शहराच्या पैशातून, बर्ज यांचा बचाव करत होता. यात नियमभंग झाला नसेल. पण ज्याने छळातून मिळालेला कबुलीजबाब ज्यूरीपुढे वाचला त्यानेच छळ झाला नाही असे सांगावे, ही गोष्ट माझ्या मते न्यायसंस्थेने सहज स्वीकारायला नको होती.

सुनावणी चालू असताना विल्सनच्या वकिलांना पोलीस खात्याच्या पाकिटांतून निनावी पत्रे येऊ लागली. लिहिणाऱ्याला एरिया टूचे अंतरंग माहीत होते हे मजकुरावरून उघड होते. विल्सनचा छळ हा एकटा प्रकार नव्हता, बर्ज यांच्याबरोबर कोण कोण होते आणि कोण त्यापासून दूर राहिले, हे त्यांत होते. आणि कुक काउंटीच्या कारागृहात असलेल्या मेल्विन जोन्स नावाच्या माणसाला भेटा, असा थेट सल्लाही होता. वकील भेटले. विल्सनच्या नऊ दिवस आधी, त्याच इमारतीत, त्याच अधिकाऱ्याच्या हातून आपल्यालाही विजेचे झटके दिले गेले, असे जोन्सने सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही गोष्ट त्याने १९८२ मध्येच आपल्या स्वतःच्या खटल्यात शपथेवर सांगितली होती, म्हणजे विल्सनच्या दाव्याचा वाराही नव्हता तेव्हा. रचून सांगितल्याचा आरोप त्यामुळे टिकणारा नव्हता. जोन्सने आणखी नावे दिली, त्या माणसांनी आणखी दिली, आणि वकिलांच्या हाती तुरुंगातुरुंगांत विखुरलेल्या साक्षीदारांची एक साखळी लागली. हे लोक एकमेकांना ओळखत नव्हते, पण पेटी, पिशवी आणि तारा यांचे वर्णन सारखेच करत होते.

न्यायाधीश डफ यांनी जोन्सची साक्ष ज्यूरीपुढे येऊ दिली नाही. याउलट बचावपक्षाला विल्सनच्या गुन्ह्यांचा तपशील भरपूर मांडू दिला. आणखी एका निर्णयाचा येथे उल्लेख करायला हवा, कारण त्याचे पडसाद फार पुढे उमटले. बचावपक्षाने एका इंग्रज खबऱ्याची साक्ष आणली. हा माणूस कारागृहात विल्सनच्या सहवासात आला होता, आणि विल्सनने रेडिएटरवर स्वतःच भाजून घेतल्याचे आपल्याला सांगितले, असे त्याचे म्हणणे होते. हा माणूस सराईत खोटारडा म्हणून ओळखला जातो असे सांगायला एक इंग्रज पत्रकार तयार होता. त्याची साक्षही नाकारण्यात आली.

पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, दोन सुनावण्यांच्या मधल्या काळात, रिचर्ड डेली शिकागोचे महापौर म्हणून निवडून आले; म्हणजे ज्या शहराविरुद्ध दावा चालू होता त्याचे प्रमुखपद आता राबा यांचे पत्र ज्यांच्याकडे गेले होते त्यांच्याकडे आले. उन्हाळ्यात दुसरी सुनावणी झाली आणि ऑगस्टमध्ये ज्यूरीने एक चमत्कारिक निकाल दिला. विल्सनच्या घटनात्मक हक्कांचा भंग झाला, असे ज्यूरीने म्हटले. पोलिसांच्या हत्येचा संशय असलेल्यांना मारहाण करू देण्याची प्रथा शहरात प्रत्यक्षात होती, असेही म्हटले. पण त्या प्रथेमुळे विल्सनला इजा झाली हे मात्र तिने मान्य केले नाही आणि त्याला एक डॉलरही दिला नाही.

या तीन उत्तरांची तर्काने सांगड घालण्याचा प्रयत्न मी अनेक अंगांनी करून पाहिला, पण ती बसत नाही. तर्कापेक्षा मनाची ओढाताण हेच त्याचे खरे स्पष्टीकरण असावे. सत्य नाकारणे ज्यूरीला शक्य झाले नाही, आणि पोलिसांच्या मारेकऱ्याच्या हातात पैसे ठेवणेही शक्य झाले नाही.

अपील आणि भरपाईचा शेवट

ऑक्टोबर १९९३ मध्ये सातव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला. तो न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांनी लिहिला. शहराच्या धोरणाबद्दलचे वादीचे म्हणणे न्यायालयाने फेटाळले आणि त्या अंगाने शहराची सुटका कायम ठेवली. बर्ज यांच्याबाबत मात्र नव्याने सुनावणीचा आदेश दिला. जोन्सची साक्ष वगळणे चुकीचे होते, खबऱ्याच्या विश्वासार्हतेवर हल्ला करू न देणे चुकीचे होते, आणि वादीच्या गुन्ह्यांच्या वर्णनाने ज्यूरीच्या मनात द्वेष पेटवू देणे सर्वांत चुकीचे होते. खुन्यालाही छळापासून मुक्त राहण्याचा हक्क आहे, आणि आपल्या छळाची तक्रार द्वेषाने बेभान न झालेल्या ज्यूरीसमोर मांडण्याचा हक्क त्याच हक्काचा भाग आहे, असे पोस्नर यांनी लिहिले. या निकालातले माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे विधान हेच आहे, कारण ते हक्काच्या अस्तित्वावर थांबत नाही. तो हक्क सिद्ध करण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे, असे बजावते.

शहराच्या धोरणाबद्दलचा भाग मात्र मला कमकुवत वाटतो. खात्याच्या प्रमुखांना वैद्यकीय संचालकाचे लेखी पत्र मिळते, ते सरकारी वकिलाकडे पाठवून मोकळे होतात, संबंधित अधिकारी त्याच पदावर राहतो आणि पुढे बढतीही मिळवतो. हा क्रम केवळ निष्काळजीपणाचा मानायचा की संमतीचा, हा प्रश्न एवढ्या लवकर मिटवायला नको होता.

यानंतर शहराने पवित्रा बदलला. फेब्रुवारी १९९३ मध्ये पोलीस मंडळाने विल्सनच्या छळाबद्दलच बर्ज यांना सेवेतून काढले होते. तेव्हा शहर म्हणू लागले की बर्ज यांचे कृत्य नोकरीच्या कक्षेबाहेरचे होते, त्यामुळे त्यांच्यावरील भरपाई शहराने भरण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे छळ झालाच नाही म्हणणाऱ्या आणि त्या बचावावर लोकांचा पैसा खर्च करणाऱ्या शहराचा हा युक्तिवाद अपील न्यायालयाने १९९७ मध्ये नाकारला. कबुलीजबाब मिळवणे हे गुप्तहेराचे कामच होते. ते त्याने अमानुष मार्गाने केले म्हणून ते नोकरीबाहेरचे ठरत नाही. शहराला एकूण दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. तिचा फार मोठा भाग वकिलांच्या फीचा होता, आणि विल्सनच्या वाट्याची भरपाई ठार झालेल्या एका अधिकाऱ्याच्या वारसांकडे वळती झाली, कारण त्यांनी विल्सनविरुद्ध वेगळा दावा जिंकलेला होता. विल्सनच्या हाती काहीच आले नाही. हा शेवट मला अन्याय्य वाटत नाही. अधिकाऱ्याच्या कुटुंबाचे नुकसान खरे होते, आणि शहराने छळासाठी पैसे मोजावे हेही आवश्यक होते. दोन्ही देणी एकाच हिशेबात वसूल झाली.

दाव्याबाहेर घडलेले

निनावी पत्रांतून लागलेली साखळी न्यायालयाने ज्यूरीपुढे येऊ दिली नाही, तरी ती वकिलांनी, कार्यकर्त्यांनी आणि स्थानिक पत्रकारांनी सार्वजनिक केली. त्या दबावाखाली पोलीस खात्याच्या व्यावसायिक मानदंड कार्यालयाने प्रकरण पुन्हा उघडले. १९९० च्या त्या अहवालात १९७३ पासून तेरा वर्षांच्या काळातील पन्नास तक्रारदारांचा अभ्यास होता, आणि एरिया टूमधील अत्याचार पद्धतशीर होते व त्यांत नियोजित छळाचा समावेश होता, असा निष्कर्ष होता. शहराने अहवाल गोपनीय ठेवण्याचा प्रयत्न केला. १९९२ मध्ये संघीय न्यायाधीशाच्या आदेशाने तो खुला झाला. आजवर शंभराहून अधिक जणांच्या, जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय पुरुषांच्या, छळाच्या तक्रारी बर्ज आणि त्यांच्या हाताखालच्या गुप्तहेरांविरुद्ध पुढे आल्या आहेत. जानेवारी २००३ मध्ये राज्यपाल जॉर्ज रायन यांनी मृत्युदंडाच्या प्रतीक्षेतील चौघांना निर्दोष म्हणून माफी दिली, ते चौघेही अशाच कबुलीजबाबांवर दोषी ठरलेले होते. आणि २०११ मध्ये इलिनॉयने मृत्युदंडच रद्द केला.

छळाच्या गुन्ह्याची मुदत तोपर्यंत केव्हाच उलटली होती. बर्ज अखेर अडकले ते दुसऱ्या एका बळीच्या दिवाणी दाव्यात २००३ मध्ये दिलेल्या लेखी उत्तरांमुळे. छळ केला नाही आणि झालेला माहीत नाही, असे त्यांनी शपथेवर लिहिले होते. खोटी साक्ष आणि न्यायकार्यात अडथळा या आरोपांखाली २०१० मध्ये ते दोषी ठरले आणि त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. विल्सन २००७ मध्ये तुरुंगातच मरण पावला होता. त्याची पूर्वीची शपथेवरची साक्ष या खटल्यात ज्यूरीला वाचून दाखवण्यात आली. डफ यांच्या न्यायालयात ज्या शब्दांना किंमत मिळाली नव्हती, ते एकवीस वर्षांनी ग्राह्य धरले गेले. बर्ज यांचे निवृत्तिवेतन मात्र शेवटपर्यंत चालू राहिले, कारण निवृत्तिवेतन मंडळातील मते समसमान पडली. २०१५ मध्ये शिकागोच्या नगरपरिषदेने औपचारिक माफी मागितली, हयात बळींसाठी ५५ लाख डॉलरचा निधी मंजूर केला आणि हा इतिहास शहराच्या सरकारी शाळांत शिकवण्याचे ठरवले.

आज असा दावा उभा राहील का

हा प्रश्न विचारल्याशिवाय या प्रकरणाचा अभ्यास पुरा होत नाही. विल्सनला मिळालेली भरपाई आणि वकिलांची फी यांतील तफावत पाहिली, तर असे दावे कशावर चालतात हे कळते. पोलिसांच्या नोंदी मिळवणे, तुरुंगांत पसरलेले साक्षीदार शोधणे, वैद्यकीय तज्ज्ञ उभे करणे आणि दशकभर अपिले लढवणे यांना लागणारे श्रम कैद्याच्या नुकसानीच्या रकमेशी प्रमाणात नसतात. १९७६ च्या कायद्याने नागरी हक्कांच्या दाव्यांत जिंकलेल्या पक्षाला वाजवी फी प्रतिवादीकडून मिळवून देण्याची सोय केली, ती यासाठीच. परंतु १९९६ मध्ये काँग्रेसने कारागृह दावे सुधारणा कायदा करून तुरुंगातून दाखल होणाऱ्या दाव्यांपुरती ही फी निकालाच्या रकमेच्या दीडपटीवर आणून बांधली. जोडीला न्यायालयीन शुल्क हप्त्यांनी का होईना पूर्ण भरण्याची सक्ती आली, आणि तीन दावे सुरुवातीलाच फेटाळले गेलेल्या कैद्याला हप्त्यांची सवलतही बंद झाली. निरर्थक दाव्यांचा पूर थोपवणे हा या कायद्याचा घोषित हेतू होता, आणि तुरुंगांतून निरर्थक दावे येतात हे खरेच आहे. पण दीडपटीची मर्यादा निरर्थक दाव्यांना लागूच पडत नाही. ती जिंकलेल्या दाव्यांना लागू पडते. ज्यूरी ज्याला भरपाई देण्यास नाखूश असते अशा वादीचा खरा दावा हाती घेणाऱ्या वकिलाला ती रोखते, म्हणजे नेमक्या विल्सनसारख्या प्रकरणाला.

याच खुनांतला सहआरोपी असलेल्या विल्सनच्या भावालाही १४ फेब्रुवारी १९८२ रोजीच एरिया टूमध्ये आणण्यात आले होते आणि त्याच्याकडूनही कबुलीजबाब घेण्यात आला होता. छळाच्या तक्रारी तपासण्यासाठी इलिनॉयने २००९ मध्ये स्थापन केलेल्या आयोगाने त्याचे प्रकरण न्यायालयाकडे पाठवले, आणि २०१८ मध्ये न्यायाधीशांनी तो कबुलीजबाब छळातून मिळाल्याचे ठरवून रद्द केला. छत्तीस वर्षांनी तो तुरुंगाबाहेर आला. तरीही त्याच्यावर तिसऱ्यांदा खटला भरण्यात आला. त्याच्या १९८९ च्या खटल्यातही त्याच इंग्रज खबऱ्याने साक्ष दिली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये सुनावणी सुरू असताना त्या वेळचा सरकारी वकील साक्षीसाठी उभा राहिला, आणि त्याचे व खबऱ्याचे वर्षानुवर्षांचे मैत्रीचे संबंध असल्याचे व ते बचावपक्षाला कधीच सांगितले गेले नसल्याचे उघड झाले. विशेष सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतले.